बसायचं की फिरायचं?

आमचा पाच जणांचा ग्रुप. कॉलेज सुटून सत्तावीस वर्षं झाली. पावसाळा सरला की एक शनिवार-रविवार फक्त आमचा, असा नियम आहे. पंधरा वर्षांत तो बारा वेळा पाळला गेला आणि बाराही वेळा लोणावळा-मळवलीच्या बाजूला कुठल्या तरी बंगल्यावर. यंदा बापूने ग्रुपवर एकच शब्द टाकला : ‘बडोदा’. शऱ्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं : ‘तिथे दारूबंदी आहे. डोकं ठिकाणावर आहे ना?’ मन्याने दोघांनाही एकेक अंगठा दिला. सुध्याने काहीच लिहिलं नाही. चार दिवस ग्रुपवर नुसती खडाखडी झाल्यावर तिघांनी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटायचं ठरलं. तिसरा मी. तिकिटं काढायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. माझ्या मताला किंमत नसते, पासवर्डला असते. म्हणून मी गप्प बसून ऐकलं. ते असं :

शऱ्या : आधी मला सांग, बडोद्याला नेऊन तुला आमचं करायचंय काय?

बापू : काही नाही. फिरायचं.

शऱ्या : फिरायला आम्ही घरच्यांबरोबर जातो. मित्रांबरोबर बसायला जातो. ‘फिरायचं’ म्हटलं की बूट आले, पाण्याची बाटली आली, ‘चला चला, बंद होईल’ आलं. ते सगळं मी दर मे महिन्यात करतो.

बापू : आणि बसून काय मिळवलंस? गेल्या वर्षीचं आठव. शनिवारी बारा वाजता पोचलो, एक वाजता बाटली उघडली. चार वाजता मन्या आडवा. बंगल्याच्या माळ्याने ‘चिकन किती किलो आणू’ विचारलं त्यावर पाऊण तास चर्चा. रात्री तू परत प्रॅक्टिकलच्या परीक्षेचा किस्सा सांगितलास. मी तो तेराव्यांदा ऐकला. दर वर्षी त्यात एक बीकर जास्त फुटतो.

शऱ्या : अरे, तो किस्सा ऐकायलाच तर आपण जातो! देवळात आरती दर वेळी नवी म्हणतात का?

बापू : आरती पाठ असते, म्हणून ती म्हणताना माणूस चपलांकडे बघत असतो.

शऱ्या : हे बरं जमवलंस. पण ऐक. आठवडाभर मी कोणाचा तरी साहेब असतो, कोणाचा तरी बाप असतो, सोसायटीचा खजिनदार असतो. वर्षातले दोन दिवस मला कोणीच व्हायचं नसतं. बंगल्यावर मी लुंगी लावून ओट्यावर बसतो आणि समोरच्या डोंगरावर ढग येतात-जातात. त्यात तू म्युझियम घुसवलंस की मी ‘पर्यटक’ होणार. म्हणजे आणखी एक नोकरी.

बापू : डोंगरावरून आठवलं. तुझ्या आजीच्या देवघरात लक्ष्मीचं चित्र होतं ना, कमळावर उभी असलेली?

शऱ्या : रविवर्म्याचं. सगळ्यांच्याच आज्यांकडे होतं.

बापू : ते छापणारा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला हलला. आपण मळवलीत पाच वेळा राहिलो. एकदा तरी कोणी त्याचं नाव काढलं? आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून करून घेतलेली मोठी तैलचित्रं बडोद्याला राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये लागलेली आहेत. कॅलेंडरवर बघून बघून गुळगुळीत झालेली ती माणसं तिथे पुरुषभर उंचीची समोर येतात.

शऱ्या : मला बडोदा शिकवू नकोस. कंपनीच्या कामाने मी वर्षातून चारदा जातो.

बापू : मग काय काय बघितलंस?

शऱ्या : स्टेशन. मकरपुरा जीआयडीसी. हॉटेलची गादी.

बापू : झालं?

शऱ्या : आणि शेवउसळ. ती मात्र बघण्यासारखी आहे, कबूल. वाटाण्याची उसळ, पण आपल्यासारखी घट्ट नाही, पातळ. त्यावर शेव, कांदा, पातीचा कांदा. खरी गंमत टेबलावरच्या भांड्यात असते. त्यात लालभडक तेलकट तरी. आपणच पळीने घ्यायची, पाहिजे तेवढी. आणि बापू, ते लोक तिला ‘तरी’च म्हणतात. मिसळीच्या तरीची सख्खी बहीण. पहिल्यांदा गेलो तेव्हा आगाऊपणा करून तीन पळ्या घेतल्या. शेजारचा म्हातारा गुजरातीत काहीतरी म्हणाला, मला वाटलं कौतुक करतोय. नंतर डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याने हसत पावाची बशी माझ्याकडे सरकवली.

बापू : बघ. चार वर्षांत सोळा खेपा केल्यास. त्यातला हा एकच माणूस तुझ्या लक्षात राहिला आणि तो तुला रस्त्यावर भेटला. मळवलीच्या ओट्यावर असा कोण भेटला आजवर?

शऱ्या : मी एकटा होतो म्हणून भेटला. पाच जणांच्या घोळक्यात कोणी कोणाला भेटत नाही. पाच पुरुष एकत्र गेले की समोरचा आधी मोजतो, मग बाजूला होतो. आपण आरडाओरडा किती करतो ते तुला ठाऊक आहे.

बापू : हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच तर शहर. बंगल्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. गावात चार लोकांत वावरायचं म्हटलं की तो आपोआप खाली येतो. आणि दुसरी गोष्ट. आपण बाप्ये समोरासमोर बसलो की एकमेकांची खेचतो. बोलतो कधी? चालताना. मन्याने आईच्या आजारपणाचं तुला कुठे सांगितलं होतं?

शऱ्या : …मळवली स्टेशनवर जाताना. चालत निघालो होतो, रिक्षा मिळाली नाही म्हणून.

बापू : दोन दिवस बंगल्यावर होता, तेव्हा अवाक्षर नाही. वीस मिनिटं बरोबरीने चालला आणि सगळं सांगून टाकलं. चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. समोर काहीतरी बघायला असतं. ते ‘काहीतरी’ मला हवंय. वाडा असो, चित्र असो, नाहीतर तुझी तरी असो.

शऱ्या : आणि दारूबंदीचं? ती तू मुद्दाम निवडलीस.

बापू : अर्धी मुद्दाम.

शऱ्या : म्हणजे हा प्रयोग आहे. आमच्यावर.

बापू : माझ्यावरही. बाटली नसेल तर आपण पाच जण रात्री नऊ ते बारा काय बोलू, ही मला खरोखर उत्सुकता आहे. आणि भीतीही.

शऱ्या : हे बघ, मी दारूची वकिली करत नाही. माझी शुगर तुला माहीत आहे. पण पेला हातात असला की एक सोय असते. माणूस भडाभडा बोलला, अगदी रडला, तरी सकाळी ‘काल जरा जास्त झाली’ म्हणून चहा पिता येतो. कोणी विषय काढत नाही. ती सोय तू काढून घेतोयस. शुद्धीत बोललेलं परत घेता येत नाही, बापू.

बापू : मग नाही घ्यायचं परत.

शऱ्या : बोलायला सोपं आहे. शिवाय बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथे परमिट मिळतं, हे तुला सांगून ठेवतो.

बापू : मिळतं. आणि आपला आख्खा शनिवार त्या परमिटच्या मागे जाईल, हेही मी तुला सांगून ठेवतो.

(इथे बापूने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. शऱ्याने तो हिसकावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.)

शऱ्या : ‘शनिवार. पहाटे बडोदा. ७.३० शेवउसळ. ९.०० तांबेकर वाडा. १०.३० मांडवी, सुरसागर. १२.०० कीर्तिमंदिर. १.३० जेवण. २.३० राजवाडा आणि म्युझियम. ५.०० सयाजीबाग, वडाचं झाड. रविवार…’ अरे, शिट्टी आणलीस का? रांगेत दोघादोघांनी हात धरायचे का?

बापू : हसू नकोस. वेळा खोडता येतील. जागा बघ. तांबेकर वाडा म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्याच्या मराठी दिवाणाचा लाकडी वाडा. आत भिंतींवर चित्रंच चित्रं. कीर्तिमंदिर ही गायकवाडांच्या स्मृतीची वास्तू आणि तिच्या भिंती रंगवल्यात नंदलाल बोस यांनी. शांतिनिकेतनचा माणूस, मराठी राजाने गुजरातेत बोलावला. ज्या राजाने बोलावला तो सयाजीराव मूळचा मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर. बाराव्या वर्षी, १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. हे सगळं एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

शऱ्या : शहर मोठं आहे यात वाद नाही. पण दीड दिवसात सात ठिकाणं बघणं हा त्या शहराचा अपमान आहे. प्रत्येक ठिकाणी आपण पुढच्या ठिकाणाला किती वेळ लागेल ते बघणार. नंदलाल बोसांच्या भिंतीसमोर मन्या गूगल मॅप उघडून उभा राहील. त्यापेक्षा एक काहीतरी बघू आणि बाकीचा वेळ कुठे तरी टेकू. गावातून फिरायचं तर फिरू, पण कुठे जायचं ते ठरवायचं नाही. भूक लागली तिथे खायचं, पाय दुखले तिथे बसायचं, रात्री कुठेही पडायचं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण असेच तर निघायचो.

बापू : ‘कुठेही पडायचं.’

शऱ्या : हो. काय झालं?

बापू : शनिवारचं शेवटचं वाच. वडाचं झाड. विचारलं नाहीस ते कशाला.

शऱ्या : आता विचारतो.

बापू : सयाजीबाग. जुनं नाव कमाटीबाग. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला, कोलंबियाला गेले. करारच होता, परत येऊन संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्यात आले. पण उतरायचं कुठे? अख्ख्या शहरात अस्पृश्याला खोली मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. गावात दोन मित्र होते. दोघांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने घरच्या नोकरांचं कारण काढलं, दुसऱ्याने बायकोचं. रात्री मुंबईची गाडी होती. तोवरचे तास त्यांनी त्या बागेत काढले. तिथला वड आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखला जातो. सप्टेंबरात लोक लांबून येतात.

(शऱ्या बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला. पाण्यात एक पायडल-बोट गोल गोल फिरत होती.)

शऱ्या : बापू, एक सांगू? ही गोष्ट आपल्या सहलीच्या गाडीला जोडू नकोस. ते फार वेगळं दुःख आहे. आपण लुंगी आणि चिकनवर भांडतोय.

बापू : जोडत नाहीये. झाडाखाली उभं राहून आपलं काही त्यांच्या तागडीत घालायचं नाही, हे मलाही कळतं. मी एवढंच म्हणतोय की ‘रात्री कुठेही पडू’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. आडनाव सांगितलं की खोली मिळते, पुरुष आहोत म्हणून फलाटावर झोपलो तरी कोणी विचारत नाही. न ठरवता निघणं हा आपल्याला स्वभाव वाटतो. तो स्वभाव नाही, सवलत आहे. आपल्या बायका कधी म्हणतात का, ‘चला, निघू, रात्री कुठेही पडू’?

शऱ्या : माझी बायको मैत्रिणींबरोबर एकदाच गेली, महाबळेश्वरला. जायच्या आधी आठवडाभर फ्रिजमध्ये डबे भरत होती. वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ‘सोमवार आमटी’.

बापू : तू गेलास तेव्हा कोणी डबे भरले?

शऱ्या : तिनेच. …ठीक आहे, घेतला टोला. पण आता माझाही एक घे. न ठरवणाऱ्याचा माज असतो, मान्य. ठरवणाऱ्याचाही असतो. यादी करणारा चौघांच्या वतीने ठरवतो काय सुंदर आहे, किती वेळ सुंदर आहे आणि त्याला किती पैसे द्यायचे. तू हे सगळं मांडलंस, त्यात सुध्याचा विचार केलास?

बापू : का? सुध्याला इतिहास आवडतो.

शऱ्या : सुध्या मार्चपासून घरी आहे. नोकरी गेली. ग्रुपवर त्याने सांगितलेलं नाही, मला मन्याकडून कळलं. बंगल्यावर कसं होतं बघ. कोणी चिकन आणायचं, कोणी पेट्रोल टाकायचं, कोणी बर्फ. कोणाचे किती गेले ते रविवारपर्यंत कोणालाच आठवत नाही. सुध्याने नुसते कांदे कापले तरी त्याचा वाटा झाला. शहरात तसं नसतं. तिथे दर दोन तासांनी पाकीट बाहेर काढावं लागतं. तिकीट, रिक्षा, चहा, हॉटेल. सगळं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. आणि ज्याच्या पाकिटात काही नाही तो दर दोन तासांनी उघडा पडतो. तो म्हणून गप्प आहे. त्याला बडोदा नको असं नाही.

बापू : हे मला माहीत नव्हतं.

शऱ्या : माहीत होणार कसं? तू म्हणतोस तसं, आपण बसतो आणि खेचतो.

(आता बापू तळ्याकडे बघू लागला. मग त्याने पेन काढलं.)

बापू : साध्या स्लीपरने जाऊ. राहायला एक मोठी खोली. खाणं रस्त्यावर. जुन्या पेठेतून चालायला आणि बागेत बसायला फारसं काही पडत नाही. खर्च काय तो राजवाड्याच्या तिकिटाचा.

शऱ्या : ते गणित नंतर कर. पाकीट एकच असू दे, आणि ते ह्याच्याकडे. (म्हणजे माझ्याकडे.) ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने निघायच्या आधी टाकायचं. कोणी किती टाकलं ते ह्याने बघायचं आणि विसरायचं. सगळीकडे पैसे हाच देणार. बाकीच्यांनी खिशाला हात लावायचा नाही.

बापू : चालेल. आणि यादी?

शऱ्या : एका दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. शनिवारी एक, रविवारी एक. बाकीच्या वेळेला तू ‘आता पुढे काय’ असं विचारायचं नाही. पुढे काही नसतं, ही गोष्ट तुला शिकायचीय.

बापू : मग शनिवारी म्युझियम.

शऱ्या : शनिवारी सयाजीबाग. म्युझियम रविवारी. सोमवारी बंद असतं, रविवारी नाही.

बापू : आणि बाटली नाही.

शऱ्या : बाटली नाही. पण रात्री मला प्रॅक्टिकलचा किस्सा सांगायची परवानगी पाहिजे. शुद्धीत. किती बीकर उरतात ते बघू.

मी फोन काढला. आता रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. नोव्हेंबरातल्या शुक्रवारची तारीख परवा सकाळी आठला खुली होणार होती. पाच जणांची नावं आणि वयं आधीच भरून ठेवावीत म्हणून मी अर्ज उघडला. चौघांची भरली. पाचव्याशी थांबलो आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. “सुध्याचं काय करू?”

“फोन लाव,” बापू म्हणाला.

“फोनवर तो ‘बघतो’ म्हणेल,” शऱ्या म्हणाला. “कळव्याला तर राहतो. घरी जाऊ.”

मी रिक्षाला हात केला. शऱ्याने तो खाली ओढला आणि चालायला लागला. तो बसणाऱ्यांच्या पक्षाचा, पण कोणी काही बोललं नाही. बाजारपेठेतून, स्टेशनच्या गर्दीतून वाट काढत आम्ही खाडीच्या पुलाकडे निघालो. बापूची यादी त्याच्या हातातच होती. कुठे टाकावी ते त्याला सुचत नसावं. पुलावर पदपथ अरुंद, म्हणून ते दोघे बरोबरीने पुढे आणि मी दहा पावलं मागे. शऱ्या काहीतरी सांगत होता, बापू मान खाली घालून ऐकत होता. मधेच बापूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

काय बोलत होते ते कळलं नाही. पुलावर गाड्यांचा आवाज फार असतो.